पंप बंद कधी होणार?

सगळी चूक सायाळ गुरुजींची होती, हे आधीच सांगितलेलं बरं. जंगलात संगणक आले तेव्हापासून ते पिल्लांना प्रोग्रामिंग शिकवत, पण संगणक बंद ठेवून. मागच्या वर्षीच्या जर्नलातला प्रोग्राम पिल्लांनी सुवाच्य अक्षरात उतरवायचा आणि गुरुजींनी खाली सही ठोकायची.

पाण्याच्या पंपाचा प्रोग्राम उतरवताना रेवा नावाच्या खारीने विचारलं, "गुरुजी, टाकी भरल्यावर या प्रोग्रामने पंप बंद कसा होतो?"

"बारा वर्षांत कुणी विचारलं नाही. तू लिही गुमान."

मग वर्ग सुटल्यावर तिने संगणक सुरू करून त्यातल्या एआय मदतनीसाला विचारलं. तो म्हणाला, "सांगतो, पण आधी एकेक ओळ तू मला समजावून दे." समजावता समजावता रेवा सातव्या ओळीवर अडली. पंप बंद करायची ओळ पुढे होती, पण प्रोग्राम तिथवर कधी पोचतच नव्हता. तिने तो स्वतः दुरुस्त केला, चालवून पाहिला, पानावर उतरवला आणि शेपटी उडवत गुरुजींकडे धावली.

"मशीनला विचारलंस? म्हणजे कॉपीच की!" म्हणत गुरुजींनी पान टरकावलं. बारा वर्षं कॉपीवरच सह्या करणारा म्हातारा हे बोलला!

पुढे पाणवठ्यावर नवा पंप बसला. गुरुजींनी त्यावर जर्नलातलाच प्रोग्राम चढवला आणि दुपारचे बिळात जाऊन झोपले. टाकी भरून वाहू लागली, पाणी बिळात शिरलं. रेवाने पंप बंद केला, गुरुजींना बाहेर ओढलं आणि काटे टोचत असतानाही शेपटीने त्यांचं तोंड पुसलं.

"तुला कसं गं कळलं?"

"विचारलं, गुरुजी. आधी तुम्हालाच विचारलं होतं."

गुरुजींचं बीळ गेलं, आणि बारा वर्षांच्या जर्नलांचा लगदा झाला.