पालथा हात

एकदा एका शिष्याने आपली जुनी पेटी विकायला काढली. मुलीला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. फीचे पैसे त्याने काटकसर करून बँकेत साठवले होते, वसतिगृहाचे तेवढे राहिले होते. पेटीवर त्याचा जीव होता, पण मुलीवर त्याहून अधिक. त्याने पेटीचा फोटो मोबाइलवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच एका गिऱ्हाइकाचा फोन आला. गिऱ्हाईक भलतेच सज्जन निघाले. पेटी पाहायला आले नाही, वाजवून पाहिली नाही, सांगितलेली किंमत मुकाट्याने मान्य केली! अशा सज्जनपणाचा खरे तर संशय यायला हवा. पण पैसे येणार म्हटले की भल्याभल्यांचा संशय रजेवर जातो.

शिष्य त्या वेळी आपल्या गुरूंच्या घरी होता. गुरू वयोवृद्ध कीर्तनकार, सारा गाव त्यांना बुवा म्हणे. त्यांची पूजा नुकतीच आटोपली होती.

"बुवा, पेटी गेली!" शिष्य हर्षाने म्हणाला. "त्यांनी क्यूआर कोड पाठवलाय. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे माझ्या खात्यात जमा. लवकर करा म्हणतायत."

"आधी तीर्थ घे," बुवा म्हणाले.

शिष्याने फोन खाली ठेवला आणि उजव्या तळहाताची खोलगट वाटी पुढे केली.

"असा नको. हात पालथा धर."

शिष्य गोंधळला, पण गुरूंची आज्ञा. त्याने हात पालथा केला. तीर्थाचा थेंबही वाया जाऊ न देणाऱ्या बुवांनी पळीभर तीर्थ खुशाल त्याच्या बोटांवर ओतले. ते ओघळून जमिनीवर गेले. बुवांनी पुन्हा पळी भरली.

"अहो बुवा, सगळं सांडतंय! पालथ्या हातानं घेता येतं का कधी?"

"मग पालथा हात कुणाचा असतो?"

शिष्याने बुवांच्या पळी धरलेल्या हाताकडे पाहिले. "देणाऱ्याचा."

"अगदी बरोबर," बुवा आपल्या उपरण्याने जमीन पुसत म्हणाले. "कोड स्कॅन करणं, पिन टाकणं, हे सगळं पालथ्या हाताचं काम आहे बाबा. तिथून पैसे फक्त जातात. घेणाऱ्याला पिन लागतच नाही. तुला घ्यायचंय म्हणतोस, आणि तो तुझ्याकडून देणाऱ्याची कृती करून घेतोय. ज्याला खरंच द्यायचंय, त्याला म्हणावं, माझा कोड तू स्कॅन कर."

मुलीच्या फीचे पैसे त्याच खात्यात होते. शिष्याने लगेच गिऱ्हाइकाला फोन लावून बुवांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. सज्जन गिऱ्हाईक आधी चिडले, मग अडाणी म्हणाले, मग फोन बंद झाला. पुढे तो कधी लागला नाही.

काही दिवसांनी शेजारच्या गावचे भजनी मंडळ घरी आले. त्यांनी पेटी वाजवून पाहिली, भात्यातून वारा जातो म्हणून यथेच्छ घासाघीस केली आणि अखेर शिष्याचा कोड स्कॅन केला. शिष्य फोन हातात धरून नुसता बसून राहिला. पैसे जमा झाले, आणि फोनने त्याला काही म्हणजे काही विचारले नाही.