झऱ्याला विचारून

एकदा एक धनिक व्यापारी एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात आला. त्याला नगरात भव्य मंदिर बांधायचे होते आणि खांबांसाठी डोंगरातल्या देवराईचे जुने वृक्ष हवे होते. डोंगरातले लोक मात्र तिथे कुऱ्हाड लावू देत नव्हते. "वृक्ष तोडण्यात पाप नाही, एवढे शास्त्राधारे लिहून द्या," अशी त्याची विनंती होती.

आचार्यांनी ते काम आपल्या सर्वांत व्युत्पन्न शिष्याकडे सोपवले. शिष्याने तीन दिवस ग्रंथ चाळले. दूरदेशीच्या एका ग्रंथात त्याला 'पेगन' हा शब्द सापडला. झाडे, झरे, सूर्य, धरित्री पूजणाऱ्यांना तिकडे तुच्छतेने तसे म्हणत. शिष्य खूश झाला. त्याने लिहिले : 'असे लोक सर्वत्र अज्ञानीच मानले गेले आहेत. त्यांना ना ग्रंथ, ना शास्त्र. त्यांच्या समजुतींचा विचार करण्याचे कारण नाही.'

आचार्यांनी तो कागद वाचला. एक अक्षरही बदलले नाही. "चल," ते म्हणाले, "ज्यांच्याविषयी लिहिलेस, त्यांना वाचून दाखवू."

शिष्य चपापला, पण गुरूंची आज्ञा मोडवेना. अर्धा दिवस चढण चढून दोघे देवराईपाशी पोहोचले. तिथे भागाबाई नावाची एक वृद्धा पालापाचोळा झाडत होती. राईची राखण तिच्या घराण्याकडे होती. आचार्यांनी वहाणा काढल्या, तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि शिष्याला म्हणाले, "वाच."

तो वाचू लागला. 'अज्ञानी' या शब्दापाशी त्याचा आवाज खोल गेला. मान वर करण्याचे धैर्य होईना.

म्हातारीने सगळे ऐकून घेतले. "लई अवघड लिवलंय, बाबा. घसा सुकला आसंल. पाणी पी."

राईतल्या एका जुन्या वृक्षाच्या मुळांखालच्या झऱ्यापाशी ती वाकली, भुईला हात लावून काही पुटपुटली आणि मग तांब्या भरला.

"काय म्हणालात, आजी?" शिष्याने विचारले.

"इचारलं, घेऊ का म्हणून."

"झरा उत्तर देतो?"

"न्हाई देत. पर इचारलं की माणूस गरजंपुरतंच घेतं. औंदा खालच्या साती गावांच्या हिरी आटल्या. ह्यो न्हाई आटला."

शिष्य पाणी प्यायला. आचार्य हळूच म्हणाले, "तुला सापडलेल्या शब्दाचा मूळ अर्थ खेड्यात राहणारा, एवढाच. तिकडे नगरांनी नवा धर्म घेतला, बरीच खेडी जुन्या देवांपाशी राहिली, आणि खेडूत ही शिवी झाली. आपण 'गावंढळ' म्हणतो ना, तसेच. अशा लोकांचा पंथ एक नव्हे. पण भूमीला आई मानणे, ऋतूंचे स्वागत करणे, पूर्वजांना स्मरणे हे देशोदेशी आढळते. ग्रंथ नाही म्हणालास. ही राई कित्येक पिढ्या शब्दावाचून शिकवते आहे, ती तू वाचली नव्हतीस."

शिष्याने कागद उलटला. तिथेच बसून, भागाबाईला विचारत विचारत, त्याने मागच्या कोऱ्या बाजूवर सारे टिपून घेतले : कोणता वृक्ष, किती पिढ्यांचा, कोणत्या गावांना इथले पाणी.

आश्रमात परतून त्याने तो कागद व्यापाऱ्याला दिला. व्यापाऱ्याने तो वाचला. मग म्हणाला, "खांब दगडाचे करू."

पुढे त्या शिष्याने पुष्कळ ग्रंथ लिहिले. परंतु ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांच्या अंगणात आधी जाऊन बसल्याखेरीज त्याने लेखणी उचलली नाही.