धौतपादाची वीत

पूर्वी, त्रेतायुग उताराला लागले होते आणि मनुष्याच्या अंगी लोभ शिरला असला तरी त्याची लाज अजून पुरती गेली नव्हती, त्या काळी गोदावरीच्या दक्षिणेस, अश्मक देशात, सर्वोदक नावाचे एक विस्तीर्ण सरोवर होते. अश्मकांचा राजा दृढघोष याने बारा वर्षे खपून ते खोदविले, आणि ज्या दिवशी ते काठोकाठ भरले त्या दिवशी उत्सर्गविधी करून, हातावर उदक घेऊन, तो भर सभेत म्हणाला होता, "या जलावर आता माझा अधिकार उरला नाही. मनुष्य, पशू, पक्षी आणि या पाण्यात जन्मणारे जीव, हे सर्व याचे धनी आहेत." उत्सर्ग झालेल्या तळ्याचे पाणी खोदविणाऱ्यालाही इतरांसारखेच वाकून ओंजळीने प्यावे लागते, असे शास्त्र आहे, आणि दृढघोषाने ते मरेपर्यंत पाळले. पण राजे मरतात, आणि त्यांचे नातू गादीवर बसतात.

सरोवराच्या उत्तर तीरावर, जेथे अर्जुनवृक्षांच्या फांद्या पाण्याला टेकल्या होत्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या होमधुराने मोरांच्या पिसांनाही तुपाचा वास येत असे, तेथे महर्षी धौतपादाचा आश्रम होता. त्रिकाळ गुडघाभर पाण्यात उभे राहून तो सूर्योपासना करी. तप उग्र, विद्या अपार आणि राग नाकाच्या शेंड्यावर! शिष्य त्याच्यापाशी एका चातुर्मासाहून अधिक टिकत नसत. दर्भ तुडवला म्हणून त्याने एका बैलाला शाप दिला होता, आणि मध्ये पडला म्हणून त्या बैलाच्या गुराख्याला. शापाने तप जळते हे त्याला ठाऊक होते. पण रागीट माणसाला आपल्या घरचे जळते ते उशिरा दिसते.

दृढघोषाचा नातू वसुघोष याला मत्स्यविनोदाचे वेड होते. भुकेसाठी मासा धरावा, त्यात त्याला गोडी वाटेना. सोन्याचे गळ, कणीक आणि तिळाच्या पेंडीची आमिषे, छत्रे, चामरे, वाद्ये, असा थाट करून तो दक्षिण घाटावर बसे. त्याचे पाहून सरदार बसू लागले, सरदारांचे पाहून श्रेष्ठी, आणि शेवटी ज्याच्या हाती काठी आणि दोरा आहे असा नगरातला हरएक रिकामा माणूस. दिवसभर मासे ओढायचे, कोणाचे अधिक ते पाहायचे आणि ढीग घाटावर टाकून घरी जायचे. एके सकाळी संध्येला उतरलेल्या धौतपादाच्या नाकात ती दुर्गंधी शिरली. तो अर्घ्य तसेच टाकून तीरातीराने चालत दक्षिण घाटावर गेला आणि त्याने पाहिले, बोटाबोटाएवढी हजारो पिल्ले पायऱ्यांवर वाळत पडली होती आणि घारींनाही ती नकोशी झाली होती.

त्याचे डोळे पेटले. "राजा!" तो गर्जला, "हे काय आहे?"

"भगवन्, विनोद," वसुघोष हसून म्हणाला.

"मग हसून दाखव! या प्रेतांकडे पाहून हस! मरणाला विनोद म्हणणारी जीभ तुझ्या कुळात आली कोठून? तुझ्या आजाने हे जल ज्यांना दिले, त्यांत हे मासेही होते."

"आणि मनुष्येही होती," राजा शांतपणे म्हणाला. तो धूर्त होता. "मी राजा म्हणून नको, सर्वभूतांतला एक म्हणून येथे बसलो आहे असे समजा. आपण मर्यादा घालून द्या. किती धरावे, कोणते धरावे, सांगा. मी केसभर ओलांडणार नाही."

घाटाच्या कडेला धीवरांची प्रमुख वेत्रा जाळे खांद्यावर टाकून उभी होती. सरोवरावर पिढीजात पोट भरणारी ती माणसे; त्यांची वीसेक खोपटी पूर्वेच्या वाळूवर होती. ती पुढे झाली. "मुनिवर, मर्यादा घालण्याआधी एक..."

"स्त्रिये, शापवचनाच्या आड येऊ नकोस!" धौतपादाने तिच्याकडे पाहिलेही नाही. त्याने कमंडलूतले उदक हातावर घेतले. त्याच्या मनात त्या वेळी केवढी करुणा दाटली होती! पण करुणा आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्मात मासा न शिवलेला तो महर्षी माशांचा विचार माणसांवरून करीत होता. जे बाळ आहे त्याचे आयुष्य पुढे आहे. जो वाढून थोर झाला त्याचा संसार झाला, प्रजा झाली, मनुष्यही केस पिकले की वनात निघून जातो. त्याने देह ठेवला तर सृष्टीचे काय अडते? असे मनाशी पक्के धरून तो मोठ्याने म्हणाला, "या सरोवरातून एका मनुष्याने एका दिवशी एकच मासा घ्यावा. आणि वितीहून लहान मासा जो काठावर ठेवील, त्याचा तो हात कोपरापासून लुळा पडेल!"

उदक खाली पडले. आकाशात गडगडले. राजाने हात जोडले आणि वेत्रा जाळे सावरून परत गेली.

नियम पाळला गेला. पहिल्याच महिन्यात एका श्रेष्ठीचा आणि दोन सैनिकांचा हात लुळा पडला, तेव्हापासून तर कोणी वीत मोजल्याशिवाय मासा पायरीवर टेकवीना. पण दिवसाला एकच घ्यायचा म्हटल्यावर लहानसहान कोण घेतो? मध्यम मासा गळाला लागला तर लोक तो सोडून देत आणि थोरासाठी दिवसभर वाट पाहत. राजाने ज्येष्ठ महिन्यात स्पर्धा सुरू केल्या. सर्वांत मोठा मासा काढणाऱ्याला रत्नकंकण मिळे, आणि तो मासा मिरवून झाला की पूर्वीसारखाच घाटावर टाकला जाई. धौतपाद दुरून पाहत असे. एकही पिल्लू पायरीवर दिसत नाही म्हणून समाधानाने मान डोलवीत असे. आपल्या शापाने प्रथमच कोणाचे भले झाले, असे त्याला वाटे.

बारा वर्षे गेली. सरोवराचे पाणी हिरवे आणि दाट होऊ लागले. डासांचे थवे उठले. वैश्वदेवाचा भात धौतपाद पाण्यात टाकी, त्यावर पूर्वी कशी झुंबड उडे! आता शिते तशीच फुगून तळाला जाऊ लागली. एके दिवशी, माध्यान्ही, तो बराच वेळ पाण्यात उभा राहिला, आणि एकही पिल्लू त्याला दिसले नाही. संताप त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत चढला. कोणीतरी नियम मोडीत होते! आणि कोण मोडणार? ज्यांचे पोटच माशांवर, ते!

तो तसाच ओल्या वस्त्रानिशी पूर्वेच्या वाळूवर गेला. "चोरांनो!" त्याच्या आवाजाने खोपटांतली मुले रडू लागली. "मी तुमच्या शेजारी बसून तप करतो आणि तुम्ही माझ्या पाठीमागे जाळी टाकून पिल्ले खाता? बोला, कोणी खाल्ली?"

वेत्रा विळीवर बसली होती. आता तिचे केस पांढरे झाले होते आणि बरगड्या मोजता येत होत्या. ती उठली आणि मागे वळून तिने नुसती खूण केली. खोपट्याखोपट्यातून माणसे बाहेर आली आणि सर्वांनी दोन्ही हात पुढे केले.

"मुनिवर, पाहून घ्या," ती म्हणाली. "यांतला एक तरी हात लुळा आहे काय? शाप तुमचा. साक्ष आम्ही कशाला द्यावी, तोच देतो आहे."

धौतपाद अधिकच भडकला. "मग पिल्ले गेली कोठे?"

"या, दाखवते."

काल राजाच्या लोकांनी घाटावर फेकलेली, दोन हात लांबीची एक रोहित मासळी तिने उचलून आणली होती. ती तिने वाळूवर उताणी केली आणि विळीने तिचे पोट उभे चिरले. आतून पिवळ्याधमक गाभोळीच्या दोन लांब पोळ्या घसरून बाहेर आल्या, ज्वारीच्या ओल्या पिठासारख्या गच्च, आणि प्रत्येक कण एक अंडे.

"ही तुमची पिल्ले," वेत्रा म्हणाली. "हातभर झाली की मासळी पहिल्यांदा गाभोळीला येते, ओंजळभरही नसते ती. ही दोन हातांची. हिच्या एकटीच्या पोटात तसल्या वीसजणींची प्रजा होती. असल्या सगळ्या तुम्ही राजाला देऊन टाकल्यात! मुनिवर, विचारते, हिला तुम्ही कोणत्या आश्रमात धरले होते?"

धौतपाद त्या गाभोळीकडे वाकला.

"माशांना वानप्रस्थ नसतो! जितकी म्हातारी, तितकी लेकुरवाळी. आमच्यातले शेंबडे पोरही जाणते की थोरली जाळ्यात आली तर तिला पाया पडून सोडायची. त्या दिवशी मी सांगायला पुढे झाले होते. तुम्ही म्हणालात, आड येऊ नकोस. नाही आले. बारा वर्षे आड आले नाही. या वाळूवर चार पोरे उपाशी मेली, तरी आले नाही. आणि आज तुम्ही आम्हाला चोर म्हणता?"

त्या महर्षीचा उजवा हात सवयीने कमंडलूकडे गेला. कोणाला शापावे? त्याने राजाला आठवले; राजाने नियम पाळला होता. त्याने धीवरांकडे पाहिले. त्यांनीही पाळला होता. बैलाला, गुराख्याला, साऱ्या जगाला पुरून उरलेला तो राग आता फिरून फिरून एकाच मनुष्यापाशी येऊन थांबत होता. त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्याने करकर दात खाल्ले.

इतक्यात दक्षिण घाटावर स्पर्धेचा नगारा झडला. वेत्राने चमकून पाण्याकडे पाहिले. "थोरली लागली," ती म्हणाली. "साडेतीन हातांची. असल्यांतली तळ्यात आता ती एकच उरली होती."

धौतपाद धावला. त्या वयात, काट्याकुट्यांतून, जटा सुटल्या तरी न थांबता तो धावला, आणि त्याच्यामागून वेत्रा आणि तिची माणसे. घाटावर वसुघोष कमरेशी काठी रोवून, मागे रेलून ओढीत होता; पाण्यात तांबूस पाठ एकदा वर आली आणि भोवरा करून खाली गेली.

"सोड तिला!" धौतपाद ओरडला. "राजा, तळे ओस पडेल!"

"भगवन्, नियम आपला आणि वीतही आपलीच," ओढता ओढता राजा म्हणाला. "ही वितीहून लहान असेल तर माझा हात आत्ता झडो. आजच्या दिवसातली ही माझी पहिलीच. माझा अपराध सांगा!"

सरदार खो खो हसले. धौतपादाने उदक घेतले. पण निरपराध्यावर टाकलेला शाप उलटतो, आणि राजा खरोखरच निरपराध होता. दिलेला शाप मागे घेता येत नाही. तो वाकवता मात्र येतो. आणि आपले वचन जो वाकवतो त्याचे सारे तप त्या वाकण्यात खर्ची पडते, पुढे त्याच्या वाणीला बळ राहत नाही. ज्यासाठी त्याने सहस्र वर्षे तप केले, तो ब्रह्मलोक त्याच्यापासून आता हातभर अंतरावर होता. त्याने एकवार आकाशाकडे पाहिले, आणि त्याला त्या ब्रह्मलोकाचाच राग आला.

"वेत्रे, पुढे ये," तो म्हणाला. "मला माशांतले काही कळत नाही. नियम तू सांग. तू म्हणशील ते मी म्हणेन."

ती धीवरी पायरीवर येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. "वितीहून लहान ते पाण्याचे," ती म्हणाली.

"वितीहून लहान ते पाण्याचे," महर्षी म्हणाला. पाठ घेणाऱ्या शिष्याने म्हणावे तसे, शब्दाला शब्द.

"हाताहून मोठे तेही पाण्याचे. मधले ते माणसाचे, दिवसाला एक. धरले ते खायचे, टाकायचे नाही."

त्याने म्हटले.

"ज्येष्ठ अमावास्येपासून श्रावणी पौर्णिमेपर्यंत गळ नाही. आणि..." ती क्षणभर अडखळली. तिच्यामागे तिची माणसे उभी होती, आणि तो दीड महिना त्यांनी काय खावे हे तिला ठाऊक नव्हते. "आणि जाळेही नाही. तेव्हा तळ्यात बाळंतपणे असतात."

मागून कोणीतरी कण्हले. धौतपादाने तेही म्हटले, आणि ओंजळीतले उदक सोडून शेवटी म्हणाला, "मोडील त्याचा हात लुळा पडेल!"

त्याच क्षणी राजाची बोटे बधिर झाली. त्याने ओठ चावून ओढून पाहिले. बधिरता मनगटात आली, कोपरापाशी आली. काठी हातातून निसटली, पायऱ्यांवरून घरंगळली, आणि सोन्याचा गळ जबड्यात घेऊन थोरली खोल पाण्यात निघून गेली.

"अन्याय!" वसुघोष ओरडला.

"हो, अन्याय!" धौतपाद त्याहून मोठ्याने ओरडला. "बारा वर्षांचा, आणि माझा! जा, सांग सगळ्यांना!"

पुढे देवदूत विमान घेऊन उत्तर तीरावरून कितीदा गेले, पण आश्रमापाशी एकही उतरले नाही. धौतपादाच्या शापाने आता काडीही हलत नाही हे लोकांना चार दिवसांत कळले. गुराखी त्याला तोंडावर उलट उत्तरे देऊ लागले, आणि तो नाइलाजाने ती ऐकू लागला. तळ्याचा नियम तेवढा अढळ राहिला, कारण त्याचे सारे तप त्यात ओतले गेले होते. तिसऱ्या वर्षी पाणी निवळले. तोवर धीवरांनी कंदमुळांवर दिवस काढले, आणि धौतपादाने कुरकुरत, चिडत, वेत्राशी रोज भांडत, ती त्यांच्याबरोबर खणली.

तेव्हापासून अश्मकांत अशी रीत पडली की तळ्याची मर्यादा आधी पाण्यात उतरणाऱ्याने सांगायची आणि मग वेद जाणणाऱ्याने ती तशीच्या तशी म्हणायची. मधला एक शब्द बदलायचा नाही. ही कथा ऐकल्याने पुण्य लागते असे कोणी म्हणत नाही. पण जो हौसेने गळ टाकून बसला आहे त्याने ती ऐकावी, आणि मासा वर आला की घाई न करता आपला हात, बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याच्याशेजारी धरून पाहावा. मासा त्याहून लांब भरला तर सोडून द्यावा, आणि तो हात अजून हलतो आहे, यावर समाधान मानावे.