कोंब खुडण्याच्या वशाची कहाणी

ऐका परसाई, परसाच्या देवी, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं, गावाला ओढा होता, ओढ्याकाठी भागाबाईचं घर होतं. घरामागं परस, परसात टमाट्याचा वाफा. लेक गोदा पहिलटकरीण, डोहाळे लागले म्हणून माहेरी आली. अन्न बघवेना, पाणी ठरेना. म्हणे, "आई, आपल्या परसातल्या टमाट्याचं सार कर. तेवढंच पोटात राहील."

मग भागाबाई टोपली घेऊन गेली. पहिल्या खेपेस नुसता पालाच पाला. दुसऱ्या खेपेस फुलं गळून पडलेली. तिसऱ्या खेपेस पाल्याखाली चार फळं, तीही मातीला टेकून नासलेली. इकडं लेक वाळत चालली.

मग दारी एक म्हातारी आली. कपाळी मळवट, नखं हिरवी. म्हणाली, "माये, पसाभर टमाटे वाढ."

"आजी, माझ्या लेकीलाच मिळेनात, तुम्हांला कुठून वाढू?"

म्हातारीनं वाफा पाहिला. "अगं, ही झाडं आहेत का झिंज्या? नख कधी लावलंस?"

"लेक पोटुशी आहे. घरात पोटुशी असली की हिरव्याला नख लावू नये, तिच्या पोटाला बाधतं."

म्हातारी हसली. "तुला वसा सांगते. पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"तर ऐक. दंव सुकलं की वाफ्यात जावं. पानाच्या बगलेतला कोवळा कोंब चिमटीनं खुडावा. शेंडा राखावा. मातीला टेकलेली पानं काढावी. झाड काठीला सैल बांधावं." असं सांगून म्हातारी वाफ्याकडं वळली, तिथंच दिसेनाशी झाली.

मग भागाबाई वाफ्यात गेली. हात पुढं केला, मागं घेतला. दुसऱ्यांदा केला, मागं घेतला. तिसऱ्यांदा तिला रडूच फुटलं.

गोदा भिंत धरत धरत आली, आईशेजारी बसली. म्हणाली, "आई, भीती तुझी, पण भूक माझी." आणि तिनंच कोंब खुडला. काही झालं नाही. बोटांना हिरवा वास लागला, एवढंच. मग मायलेकींनी मिळून वाफा पुरा केला.

मग वारा खेळला, ऊन आत शिरलं, फुलं टिकली, फळ धरलं, फळ लाल झालं. भागाबाईनं सार केलं, वर जिऱ्याची फोडणी दिली. गोदा वाटीभर प्याली. भागाबाई तस्त घेऊनच बसलेली, आता ओकेल, मग ओकेल. गोदानं वाटी पुढं केली.

"आई, अजून घाल."

भागाबाईला डोळ्यांना पदर लावायचंही सुचेना. पुढं दिवस भरले, गोदा सुखरूप बाळंत झाली.

जशी परसाई गोदेच्या भुकेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ही साठां फुटव्यांची कहाणी पाचां फांद्यांवर सुफळ संपूर्ण.