दरबाराने न ऐकलेली हाक

डोंगर आणि माळ यांच्यामधून एक नदी वाहत होती. डोंगराकडच्या जंगलावर एका वाघाचे राज्य होते, माळाकडच्या जंगलावर एका सिंहाचे. आणि मुलांनो, जिची ही गोष्ट आहे ती साळू डोंगराकडच्या जंगलात, एका खडकाखालच्या बिळात राहत असे. साळू म्हणजे साळिंदराची मादी. अंगभर काटे, चाल संथ आणि बोलणे मोजके. वाघाने एकदा तिच्यावर पंजा टाकून पाहिला होता. तेव्हापासून तो त्या पायाने जरा लंगडत असे. दरबारात मात्र तो सांगे की हे शिकारीतले जुने दुखणे आहे.

भूक लागली की वाघ शिकार करी, याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण भूक नसतानाही तो शिकार करी, हे सगळ्यांना खुपत होते. एका उन्हाळ्याच्या तोंडी त्याने गव्याचे एक तान्हे वासरू नुसत्या गमतीखातर मारले आणि तिथेच टाकून दिले. त्या दिवशी गवे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यांच्यामागे सांबरे आली, बाजूला रानडुकरे आली. शिंगांची ती रांग एकेक पाऊल पुढे सरकू लागली आणि वाघ एकेक पाऊल मागे. असे करत करत ते त्याला खिंडीतून खाली आणि नदीच्या वाळूतून पलीकडे घेऊन गेले. माळावर पोचल्यावर वाघाने एक मोठी डरकाळी फोडली. पण ती ऐकायला कोणी थांबले नव्हते. सगळी जनावरे सभा भरवायला परत गेली होती.

सभेत ठरले की आता राजा नको, सभेनेच राज्य चालवावे. तरी सभेच्या वतीने बोलायला कोणीतरी हवेच.

"साळूताईच बऱ्या," म्हातारा गवा म्हणाला. "त्या कोणाला खात नाहीत आणि त्यांना कोणी खाऊ शकत नाही."

साळूने तोंडातले मूळ आधी सावकाश चावून संपवले आणि मगच होकार दिला.

या दोन जंगलांमध्ये फार जुना रिवाज होता. रोज तिन्हीसांजेला डोंगरकड्यावरचा वानर नदीकडे तोंड करून हाक देई आणि माळावरचा मोर त्या हाकेला ओ देई. हाक लांब आणि सरळ आली तर सगळे ठीक आहे असे समजायचे. खोकल्यासारखी तुटक आली तर संकट आहे असे समजून निघायचे. कड्यावरून दोन्ही जंगले दिसत, म्हणून पहारा डोंगराने करायचा. त्याच्या बदल्यात उन्हाळ्यात डोंगरातल्या जनावरांनी माळाकडच्या डोहावर पाणी प्यायचे. करार एवढाच होता आणि तो कधी कोणी मोडला नव्हता.

सभेच्या पहिल्याच संध्याकाळी वानराने कड्यावर चढून हाक दिली. पलीकडून ओ आली नाही. वानराने पुन्हा हाक दिली आणि तो कान टवकारून बसला. पलीकडे मोर दिसत होता. त्याची मान वर झाली होती, चोचही उघडली होती, पण मग त्याने ती मिटली आणि पंखाखाली खुपसली.

झाले होते असे की सिंहाने वाघाला मोठ्या थाटात ठेवून घेतले होते. त्याला सिंहासनाशेजारची शिळा दिली होती आणि सकाळ-संध्याकाळ 'डोंगराधिपती' म्हणून त्याचा जयजयकार होई. वाघही रोज न चुकता हुकूम सोडी. आज डोंगरातल्या सांबरांनी पूर्वेला चरावे, आज गव्यांनी खिंड मोकळी ठेवावी. सांबरे पश्चिमेला चरत आणि गवे खिंडीतच रवंथ करत बसत, पण ते दरबारातून दिसत नव्हते. या सगळ्यामागे सिंहाचा कारभारी कोल्हा होता. तो सिंहाच्या कानाशी लागून म्हणाला होता, "महाराज, आज तिकडच्या गव्यांना मान दिलात, तर उद्या आपली हरणं आपल्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतील." सिंहाला ते पटले होते. झोपेतसुद्धा पटले होते असे म्हणतात. मोराला ओ द्यायची मनाई झाली ती त्यामुळेच.

ऊन तापू लागले, डोंगरातले ओढे आटले, नदीचीही नुसती वाळू उरली. साळू स्वतः नदी ओलांडून दरबारात गेली. तिने सिंहाला वाकून नमस्कार केला आणि ती म्हणाली, "महाराज, मी डोंगरातल्या सभेची अध्यक्ष. करार तसाच चालू ठेवावा, एवढं सांगायला आले."

सिंहाने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्हा हवेकडे पाहून बोलला, "दरबारात कोणी आल्याचं दरबाराला दिसत नाही. तरी कोणी आलं असलंच, तर त्यानं ऐकून घ्यावं. करार डोंगराच्या राजाशी आहे. राजा इथं शिळेवर बसले आहेत. त्यांना मानानं परत न्या, मग हवं तेवढं पाणी प्या."

वाघाने मिशांवरून जीभ फिरवली.

"त्यांना आम्ही परत नेणार नाही," साळू शांतपणे म्हणाली. "आणि महाराज, आमचं राज्य तुमच्या परवानगीनं सुरू झालेलं नाही. त्यामुळं ते तिच्यासाठी थांबूनही राहणार नाही. तुम्ही ओळख दिलीत तर आनंद आहे. नाही दिलीत तरी आम्ही डोंगरातच आहोत."

सिंहाला तिचे बोलणे झोंबले. खरे तर त्याला साळूच्या डोळ्याला डोळा देणे जड जात होते, पण एकदा दिसत नाही म्हटल्यावर आता बघणार कसे? साळू आली तशी हात हलवत परत गेली.

खिंडीत सगळी जनावरे वाट पाहत होती. काय झाले हे तिच्या चेहऱ्यावरून कळलेच. एक सांबरीण पुढे आली. तिचे पाडस पायांत डोके घालून पडले होते. "साळूताई, पोरानं सकाळपासून जीभ ओली केलेली नाही," ती म्हणाली. "वाघ होता तेव्हा निदान पाणी तरी होतं. आणायचं का त्याला परत?"

कोणी तिला गप्प केले नाही, कारण तोच प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात होता. नवे राज्य तिथे, त्या तहानलेल्या पाडसापाशी मोडणार की काय अशी वेळ आली होती. साळूला सांबरिणीचा राग आला नाही, तिला वाईट वाटले. ती म्हणाली, "बाई, डोह त्यांचा आहे. पण नदीची अर्धी वाळू आपली आहे. तू पोराला घेऊन सावलीत बस, मी आले."

ती खाली उतरली आणि वाळू उकरू लागली. जन्मभर बिळे खणलेली ती, खणणे तिच्या हाडात मुरलेले होते. थोड्या वेळाने रानडुकरांनी आपले सुळे लावले. मग काय विचारता, वाळू नुसती उडू लागली. वाळू आधी ओली लागली, मग गार लागली आणि खड्ड्याच्या तळाशी हळूहळू पाणी झिरपू लागले. गढूळ होते, पण पाणी होते. पहिला घोट पाडसाने घेतला. त्या आठवड्यात डोंगराच्या बाजूने वाळूत असे कितीतरी झरे खणले गेले, आणि वाघाला परत आणायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

वानर मात्र कुरकुरत होता. "मावशी, घसा सुकला माझा. तिकडं सगळे मूग गिळून बसलेत आणि मी रोज बोंबलतोय. आता पाणीही आपलं आपल्याला आहे. बंद करू का हाक?"

"करार त्यांनी मोडला, आपण नाही," साळू म्हणाली. "पहारा आपल्याकडं आहे तोवर हाक द्यायची."

वानर तोंड फुगवून कड्यावर चढला, पण हाक त्याने दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. रोज देत राहिला.

मग एके दुपारी माळाच्या पलीकडच्या टोकाला त्याला धुराची रेघ दिसली. वाळलेले गवत, वर वारा नदीच्या दिशेने. वणवा सरळ सिंहाच्या जंगलात घुसणार हे कड्यावरून स्वच्छ दिसत होते. वानर तिन्हीसांजेची वाट न पाहता ओरडू लागला. खोकल्यासारखी तुटक, जिवाच्या आकांताची हाक, एकामागून एक.

माळावरच्या हरणांनी, सशांनी आणि रानकोंबड्यांनी ती ऐकली आणि जीव घेऊन नदीकडे पळ काढला. त्यांच्या कानांपर्यंत दरबाराचे धोरण अजून पोचलेले नव्हते. दरबारात मात्र त्या हाकेवर चर्चा सुरू झाली. मोर थरथरत म्हणाला, "महाराज, संकटाची हाक आहे."

"कोणाची हाक?" कोल्ह्याने विचारले. "डोंगराधिपती इथं असताना कड्यावर अधिकृत पहारेकरी कोणी असूच शकत नाही. नसलेल्या पहारेकऱ्याची हाक ऐकली, तर त्याला मान्य केल्यासारखं होईल. डोंगराधिपतींनी सांगावं, आपण कोणाला कड्यावर ठेवलंय का?"

"छे," वाघ म्हणाला.

"मग हाक आलेलीच नाही," कोल्हा म्हणाला. एवढ्यात एक जळकी काडी उडत येऊन त्याच्या झुपकेदार शेपटीवर पडली. त्यानंतरचे त्याचे बोलणे कोणाला नीट समजले नाही, कारण तो ते पळता पळता बोलत होता.

सिंह, वाघ, कोल्हा, मोर आणि दरबारातली उरलेली मंडळी कशीबशी नदीच्या वाळूत पोचली. मागे आगीच्या ज्वाळा, वाळूवर धुराचे लोट. वर जायला एकच वाट होती, ती म्हणजे खिंड. आणि खिंडीच्या तोंडाशी गवे उभे होते. हरणे आणि ससे त्यांच्या पायांमधून कधीच वर गेले होते.

"ज्यांना नख्या आहेत त्यांनी शब्द द्यायचा," म्हातारा गवा म्हणाला. "आमच्या जंगलात शिकार करणार नाही, असा. मग खुशाल वर जायचं. तसं सभेत ठरलंय."

सिंह खोकत खोकत वाघाकडे वळला. मानपानाचे खूळ इतक्या धुरातही त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. "डोंगराधिपती, आपल्या राज्यात प्रवेशाची परवानगी असावी."

"दिली," वाघ म्हणाला. "गव्यांनो, वाट सोडा."

गव्यांनी वाट सोडली नाही. वाघ एक पाऊल पुढे आला. गव्यांनी शिंगे खाली केली. वाघाला त्या शिंगांची चांगली आठवण होती. तो दोन पावले मागे सरला आणि सिंहाच्या आयाळीआड उभा राहिला. सिंहाने आधी वाघाकडे पाहिले, मग शिंगांकडे. सबंध उन्हाळा ज्याला तो डोंगराचा राजा म्हणून दोन्ही वेळा खाऊ घालत होता, त्याच्या शब्दावर या डोंगरातले वासरूसुद्धा बाजूला व्हायला तयार नव्हते. सिंहाला स्वतःची लाज वाटली. शब्द द्यायचा तर तो घ्यायला समोर कोणीतरी असल्याचे मान्य करावेच लागणार होते.

खिंडीतून साळू हळूहळू खाली आली. या वेळी सिंहाने तिच्याकडे नीट पाहिले.

"सभेच्या अध्यक्ष साळूबाई," तो म्हणाला, "मी माळाचा राजा. तुमच्या राज्यात कोणाच्याही केसाला धक्का लावणार नाही, हा माझा शब्द. मला आणि माझ्या मंडळींना आत घ्या. आणि डोहाच्या पाण्याबद्दल..."

"डोहाचं उद्या बोलू, महाराज," साळू म्हणाली. "आधी वर या. धूर फार आहे."

गवे बाजूला झाले. दरबार वर गेला. कोल्हा सगळ्यात पुढे होता, जाताना त्याने साळूला तीन वेळा नमस्कार केला.

शेवटी वाघ उरला. "शब्द दिलात तर तुम्हालाही वाट आहे," साळू त्याला म्हणाली.

"माझ्याच प्रजेला मी शब्द देऊ?" वाघ गुरगुरला आणि तिथेच बसला. मग आगीची धग वाळूपर्यंत आली, तेव्हा तो मुकाट्याने उठला आणि डुकरांनी खणलेल्या एका झऱ्यात गळ्यापर्यंत जाऊन बसला. आग विझेपर्यंत तो तिथेच होता. डुकरांनी त्याला हाकलले नाही. पुढे तो चिखल झटकत नदीच्या खालच्या अंगाला निघून गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी वणवा शमला. माळ काळा पडला होता, पण मुळे जिवंत होती आणि डोहही होता. सिंह आपल्या जंगलात परतला. तिन्हीसांज झाली तसा वानर सवयीने कड्यावर चढला आणि सवयीनेच तोंड फुगवून त्याने हाक दिली. पलीकडे मोराने चोच उघडली आणि सिंहाकडे पाहिले. सिंहाने त्याला थांबवले. मग तो स्वतः काठावर आला, त्याने मान वर केली आणि दगड हलतील अशी ओ दिली. डोहावर पाणी पीत असलेल्या पाडसाने दचकून वर पाहिले आणि पुन्हा पाण्याला तोंड लावले.

कड्यावर वानर दोन्ही कान धरून बसला होता. "मावशी, ऐकलंत?"

"ऐकलं," साळू मूळ कुरतडत म्हणाली. "उद्यापासून जरा हळू हाक दे. आता ऐकू येतंय त्यांना."

तात्पर्य : शेजारी कोण असावा हे आपण ठरवत नाही. जो समोर उभा आहे त्याच्याकडे पाठ फिरवली म्हणून तो नाहीसा होत नाही, आपल्यालाच मात्र त्याची हाक ऐकू येईनाशी होते.