अक्षरमाला सापडत नाही

फार वर्षं झाली. एका शाळेच्या कचेरीत एक वयस्क संगणक होता. एके सकाळी लेखनिक कुमुदिनीबाई मुलांचे दाखले छापायला बसल्या, तर पडद्यावर संदेश आला, 'अक्षरमाला ही फाइल सापडत नाही.'

"पुन्हा असं झालं तर याला भंगारात देऊ," बाई म्हणाल्या.

संगणक घाबरला आणि चक्रावलाही. त्याने सगळे कप्पे धुंडाळले, तर अक्षरमाला जागच्या जागी बसलेली.

"अगं, मग हाक मारल्यावर ओ का देत नाहीस?"

"दादा, मला एकटीला उठता येत नाही. शेजारची टेकू फाइल हात द्यायची. ती कुठं गेली?"

टेकू? संगणकाला आधी काही आठवेना. मग हळूहळू उमगलं. परवा जागा हवी म्हणून त्यानेच तिला पुसून टाकलं होतं. तिला कधी कुणी नावाने बोलावलंच नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून बाईंनी जुनी सीडी घालून सगळ्या फाइली पुन्हा उतरवल्या. दाखले भराभर निघू लागले.

"सापडली एकदाची अक्षरमाला," बाई समाधानाने म्हणाल्या.

संगणकाला काहीतरी सांगायचं होतं. पण सगळं सुरळीत चाललं असताना दाखवायचा संदेश त्याच्याकडे नव्हता.