वेशीपुरतं वंगण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बैल माणसांशी बोलत आणि माणसं, सवड असली तर, ऐकत.

एका राज्यात फुफाट्याचा माळ नावाचा एक माळ होता. जसं नाव, तसाच माळ. उन्हाळ्यात तिथली धूळ इतकी तापायची की पाय टेकला तर फोड यावा, आणि वारा सुटला की गाडीवानाला स्वतःचे बैल दिसायचे नाहीत. माळाच्या अलीकडे गाडीवानांचं गाव होतं आणि पलीकडे चाळीस घरांची एक वाडी. चैत्र लागला की वाडीची विहीर आटायची. मग पाऊस पडेपर्यंत ती वाडी एका गाडीने आणलेल्या पाण्यावर तगायची.

ती गाडी निंबाजीची. पेंढ्यात बसवलेले सहा रांजण, पुढे काजळ्या आणि हरण्या ही बैलजोडी, आणि धुरेवर निंबाजी. दर तिसऱ्या दिवशी तो पहाटे निघे आणि दिवस मावळायच्या आत वाडीत पोचे.

त्या वाडीत निंबाजीची लेक सगुणा दिली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. दुसरं रिवाजाप्रमाणे सासरी व्हायचं होतं आणि तिचे दिवस भरत आले होते. पाण्याची गाडी कोण हाकणार, असं राजाने विचारलं तेव्हा निंबाजी सगळ्यांच्या आधी उभा राहिला, तो काही राजावरच्या भक्तीने नव्हे.

आता या गाडीवानांच्या गावाची एक खोड सांगायला हवी. गाडी कुरकुरली की तिथे लाज वाटायची. वेशीजवळच्या पारावर चार म्हातारे पहाटेपासून बसलेले असत. गाड्या हाकणं त्यांनी कधीच सोडलं होतं, पण कान शाबूत होते. कुणाचं चाक जरा वाजलं की एकजण विचारायचा, "काय रे, गाडी उपाशीच जुंपलीस वाटतं?" बाकीचे तिघं हसायचे. म्हणून प्रत्येक गाडीवान वेस ओलांडण्याआधी चाकाच्या तुंब्यात, म्हणजे आख बसतो त्या मधल्या गड्ड्यात, भसाभसा तेल ओतायचा. वेशीतून मुकी गेली ती गाडी चांगली, असा त्या गावाचा न्याय होता.

निंबाजी वंगण घ्यायचा ठकूआई तेलिणीकडून. ठकूआई एरंडेल आटवायची, त्यात राळ आणि काजळी घोटायची. ते वंगण काळं, चिकट आणि उग्र वासाचं. बोटाला लागलं तर तीन दिवस जेवताना आठवण यायची.

"हे पहाटेच्या गारव्यात ताठ असतं," तिने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तासभर चाक कुरकुरेल. कुरकुरू दे. ऊन चढलं की मऊ होईल, पण आखाला सोडून पळणार नाही. आणि ऐक. दर खेपेला चाक उतरवून जुनं वंगण पुसून काढायचं, मगच नवं भरायचं. माळाची धूळ वंगणात मिसळली की त्याचं जातं होतं, बाबा. आख दळून काढील."

निंबाजीने महिनाभर तसं केलं. गाडी एकदाही अडली नाही. पण दर खेपेला पहाटे वेशीतून जाताना ती कुरकुरायची आणि पारावरून आवाज यायचा, "आली रे निंबाजीची रडूबाई!" ज्या माणसाला फुफाट्याचा माळ भाजू शकला नाही, तो या चार शब्दांनी खेपेखेपेला थोडा थोडा भाजत होता.

महिन्याच्या शेवटी राजा खूश झाला. त्याने निंबाजीला एक चामड्याचा बुधला पाठवला. त्यात राजाच्या रथाला लावायचं तेल होतं. सोन्यासारखं पिवळं, पाण्यासारखं पातळ, आणि वर वाळ्याचा मंद सुगंध. निंबाजीने ते तळहातावर घेतलं, बोटांनी चोळलं आणि त्याला वाटलं, आपल्या गाडीचे दिवस पालटले.

तो बुधला घेऊन ठकूआईला दाखवायला गेला. खरं तर मिरवायलाच गेला.

ठकूआईने वास घेतला. "तेल झकास आहे."

"मग? राजाचंच आहे."

"अरे, राजाचा रथ फरशीवर चालतो, झाडांच्या सावलीतून चालतो. तुझी गाडी तव्यावर चालते. उन्हात हे पाण्यासारखं गळून जाईल, निंबाजी."

"गळलं तर वरून ओतीन. बुधला मोठा आहे," निंबाजी म्हणाला. ठकूआईच्या तोंडी ही मत्सराची भाषा आहे, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. नको असलेला सल्ला माणसाला नेहमी मत्सरच वाटतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने ते तेल तुंब्यात ओतलं. चाक उतरवलं नाही. इतक्या स्वच्छ तेलाखाली पुसायचं काय, असं त्याला वाटलं. गाडी वेशीतून निघाली ती मांजरीच्या पावलांनी. पारावरचे म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी एकजण म्हणाला, "निंबाजी, आज गाडी शोभली हो गावाला!" त्या दिवशी निंबाजी छाती काढून बसला, आणि माळ संपेपर्यंत तसाच बसला.

अशा पाच खेपा झाल्या. तेल गळायचं, चाकाचे आरे पिवळे चमकायचे, चमकणाऱ्या आऱ्यांवर धूळ बसायची, आणि निंबाजी विसाव्याच्या जागी वरून आणखी तेल ओतायचा. चाक एकदाही वाजलं नाही.

सहाव्या खेपेला, अर्ध्या माळावर, काजळ्या म्हणाला, "धनी, आज गाडी जड लागते."

"रांजण तेवढेच आहेत," निंबाजी म्हणाला.

"रांजण तेवढेच आहेत. गाडी जड लागते."

निंबाजीने कान दिला. "आवाज येतोय का?"

"आवाज नाही."

"मग चल की!"

काजळ्याने पुढे वाद घातला नाही. वाद घालणारे बैल त्या काळीही थोडेच होते. तो मान खाली घालून ओढत राहिला.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा तुंब्यातून धूर निघू लागला. त्या धुराला वाळ्याचा वास होता. निंबाजीने घाईने बुधल्याकडे हात नेला, तोवर आख मोडला. डावं चाक निखळून दहा पावलं एकटंच पळालं आणि आडवं झालं. गाडी कलंडली. सहापैकी पाच रांजण फुटले. पाणी धुळीत पडलं आणि निंबाजी खाली उतरेपर्यंत जमीन कोरडी झाली होती.

त्याने मोडका आख हातात घेतला. तुंब्यातला भाग झिजून मनगटाएवढा उरला होता. त्यावर तेल आणि धुळीचा काळा लगदा होता. त्याने तो बोटांत चोळला. तो कणीसारखा खरखरीत लागला. तेव्हा त्याला ठकूआईचं जातं आठवलं.

सहाव्या रांजणात तळाला थोडं पाणी उरलं होतं. त्यात गाडीतल्या दोन घागरी भरल्या. निंबाजीने गाडीच्या एका दांडीची कावड केली, बैल सोडले आणि तो चालत निघाला.

वाडीत पोचला तेव्हा चाळीस घरं रिकामी भांडी घेऊन उभी होती. त्यांनी गाडीच्या जागी कावड पाहिली. कुणी शिवी दिली असती तर निंबाजीला बरं वाटलं असतं, पण कुणी दिली नाही. वाडीतल्या सगळ्यांत जुन्या म्हातारीने करवंटीने पाणी वाटलं. एका घराला दोन करवंट्या, बाळंतिणीला तीन.

बाळंतीण म्हणजे सगुणा. तिला त्याच सकाळी मुलगा झाला होता.

"काय झालं, आबा?" तिने विचारलं.

निंबाजीने सगळं सांगितलं. पारावरचे म्हातारे, ठकूआई, काजळ्या, काहीच लपवलं नाही. मग काखेतला बुधला तिच्यापुढे ठेवला. चालताना तो त्याने टाकून दिला नव्हता, का ते त्यालाही माहीत नव्हतं.

सगुणाने बूच काढून वास घेतला. दोन थेंब तळव्यावर घेऊन बाळाच्या टाळूवर हलकेच भरले. बाळ शांत झालं.

"तेल चांगलंच आहे, आबा," ती म्हणाली. "सावलीतलं आहे, एवढंच."

निंबाजी उंबऱ्यावर बसून रडला.

नवा आख घडवून गाडी परत पाणी घेऊन निघेपर्यंत सात दिवस गेले. त्या सात दिवसांत सतरा घरं गुरंढोरं घेऊन नदीच्या दिशेला निघून गेली. ती पुन्हा आली नाहीत. सगुणाचं घर राहिलं, कारण ओल्या बाळंतिणीला हलवता येईना. शेजाऱ्यांनी जाताना आपलं उरलंसुरलं पाणी तिच्या माठात ओतलं होतं.

आठव्या दिवशी पहाटे निंबाजीची गाडी वेशीशी आली. चाकं उतरवून, पुसून, तुंबा काळ्या वंगणाने भरलेला होता. गाडी कुरकुरत होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच, कारण आख नवा होता.

"आली रे, परत रडूबाई आली!" पारावरून हाक आली.

निंबाजीने गाडी थांबवली. "आजोबा, दुपारी माळावर येता का ऐकायला?"

काजळ्याने आपणहून पाऊल उचललं आणि गाडी कुरकुरत माळाला लागली.

गोष्ट इथे थांबते, आणि तिने सांगितलेली गोष्ट एवढीच : वस्तू निवडावी ती आपल्या वाटेवरच्या भर दुपारसाठी, वेशीवर बसलेल्या चार लोकांसाठी नव्हे.